शेकडा, पण कशावर?

आमच्या पिढीने शाळेत व्याजाची उदाहरणे सोडवताना एक संक्षेप तोंडपाठ केला होता : द. सा. द. शे. दर साल दर शेकडा. पेढीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीही तोच असे. या चार अक्षरांत मोठी शिस्त आहे. दर किती मुदतीसाठी आणि कशावर, हे दोन्ही आधी सांगून टाकायचे आणि मग आकडा उच्चारायचा. आज आकडा तेवढा उरला आहे. ‘त्याचा पगार वीस टक्क्यांनी वाढला’, ‘तिला दोन टक्के कमिशन मिळते’, ‘यंदा बोनस साडेआठ टक्के’. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. वीस टक्के कशावर, कधीपासून, मूळ पगारावर की हातात पडणाऱ्या रकमेवर, हे विचारणारा विरळा.

हाच प्रश्न विचारायला लावणारा गणिताचा एक प्रकार आता स्पर्धा परीक्षांत रुळला आहे. त्याला डेटा सफिशिअन्सी म्हणतात. मराठीत आपण ‘माहितीची पर्याप्तता’ म्हणू. बँकांतील अधिकारी व लिपिक पदांसाठी मुंबईची आयबीपीएस ही संस्था २०११ पासून सामायिक परीक्षा घेते. तिच्या तयारीत हा प्रकार असतोच. परदेशी व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या जीमॅट परीक्षेत तो कित्येक वर्षे गणिताच्या विभागात होता; नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात त्याला तेथून उचलून माहितीचे विश्लेषण तपासणाऱ्या विभागात नेले. मला हा बदल अर्थपूर्ण वाटतो, कारण या प्रश्नांत आकडेमोड थोडी आणि पारख फार.

अकोल्यात (विदर्भातले अकोला नव्हे, प्रवराकाठचे आमचे अकोले) संध्याकाळी काही मुलेमुली माझ्याकडे या परीक्षांची गणिते घेऊन येतात. त्यांत आपल्या व्यापारी घरांतलीही आहेत. दुकान मोठ्या भावाने सांभाळायचे आणि धाकट्याने परीक्षा द्यायची, अशी वाटणी आता पुष्कळ घरांत दिसते. ही मुले समीकरणे भराभर मांडतात आणि नेमकी याच प्रकारात अडखळतात. याचे कारण असे की, शाळेने त्यांना उत्तर काढायला शिकवले आहे आणि येथे उत्तर काढायचेच नसते. येथे विचारलेले असते ते एवढेच : दिलेल्या माहितीवरून एकच एक निश्चित उत्तर निघू शकेल काय?

स्वरूप साधे आहे. वर एक प्रश्न, खाली दोन विधाने. ठरवायचे ते हे : पहिले विधान एकटे पुरेसे आहे का, दुसरे एकटे पुरेसे आहे का, दोन्हीपैकी कोणतेही एक चालेल का, दोन्ही एकत्र घ्यावी लागतील का, की दोन्ही मिळूनही काम भागत नाही. पाच पर्याय, त्यांचा क्रम परीक्षेगणिक बदलतो, म्हणून तो आधी वाचून घ्यावा.

एक उदाहरण घेऊ. एका दुकानातील मुनिमांचा पगार या वर्षी किती टक्क्यांनी वाढला? पहिले विधान : पगारात १,५०० रुपयांची वाढ झाली. दुसरे विधान : नव्या व जुन्या पगारांचे गुणोत्तर ९ : ८ आहे.

दहापैकी सात जण ‘दोन्ही एकत्र’ असे उत्तर देतात. त्यांची आकडेमोड चुकलेली नसते. एक अष्टमांश म्हणजे १,५००, म्हणून जुना पगार १२,०००, नवा १३,५००, वाढ शेकडा साडेबारा. सगळे बरोबर. परंतु साडेबारा हा आकडा ९ : ८ या गुणोत्तरातून केव्हाच मिळालेला होता. आठावर एक वाढला, म्हणजे शंभरावर साडेबारा. १,५०० रुपये खरे असूनही या प्रश्नाला अनावश्यक. उत्तर : दुसरे विधान एकटे पुरेसे.

आता विधाने तीच ठेवून प्रश्नातील दोनच शब्द बदला : पगार किती रुपये झाला? लगेच दोन्ही विधाने आवश्यक होतात. गुणोत्तराने रुपये कळत नाहीत आणि वाढीच्या रकमेवरून मूळ पगार कळत नाही. माहिती जशीच्या तशी, प्रश्न निराळा, म्हणून निवाडाही निराळा. मी मुलांना सांगतो, विधानांकडे वळण्याआधी प्रश्न दोनदा वाचा आणि टक्के विचारले आहेत की रुपये, हे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. निम्म्या चुका तेथेच संपतात.

याच्या पुढची पायरी अधिक फसवी आहे. दोन नोकर, त्यांचे पगार किती? पहिले विधान : पहिल्याचा पगार दुसऱ्यापेक्षा शेकडा २५ ने जास्त आहे. दुसरे विधान : दुसऱ्याचा पगार पहिल्यापेक्षा शेकडा २० ने कमी आहे. मुले दोन समीकरणे मांडतात, दोन अज्ञाते पाहतात आणि ‘दोन्ही मिळून पुरेसे’ म्हणून मोकळी होतात. प्रत्यक्षात ही दोन विधाने नाहीतच. दुसऱ्याचे १०० असतील तर पहिल्याचे १२५. आणि १२५ मधून शेकडा २० वजा केले की पुन्हा १००. एकच गोष्ट एकदा खालून आणि एकदा वरून सांगितली आहे. २५ आणि २० हे आकडे वेगळे दिसतात ते पाया बदलल्यामुळे. रुपयांचा एकही धागा हाती नाही, तेव्हा उत्तर ‘अपुरी’.

कर्जखात्यात काम केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. प्रस्तावासोबत कागद पुष्कळ येतात. विक्री शेकडा ३० ने वाढल्याचे अर्जदाराचे पत्र, त्याच पत्राच्या आधारे बनवलेला अंदाजपत्रकाचा तक्ता, आणि त्या तक्त्याचा हवाला देणारा सल्लागाराचा अहवाल. फाईल जाड होते, पण माहिती एकाच तोंडातून आलेली असते. नवी माहिती म्हणजे बँकेतील खात्याचा उतारा, विक्रीकराचे अथवा आता जीएसटीचे विवरण, गोदामातला प्रत्यक्ष माल. कागद किती आहेत हे मोजण्यापेक्षा ते किती ठिकाणांहून आले आहेत हे मोजावे, असे आमचे एक जुने शाखाधिकारी नव्या मुलांना सांगत.

परीक्षेतून बाहेर येऊन बाजाराकडे पाहू. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, तेव्हा २.५७ हा आकडा सर्वतोमुखी झाला होता. जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणायचे. आमच्या बाजारपेठेत काहींनी त्यावरून हिशेब बसवला की, गुरुजींचा पगार अडीचपटीहून अधिक झाला. वरवर पाहता त्यात चूक नाही, २.५७ पट म्हणजे शेकडा १५७ ची वाढ. मात्र येथे एकच विधान वाचले गेले. दुसरे विधान असे होते की, त्या वेळी महागाई भत्ता मूळ वेतनाच्या १२५ टक्के मिळतच होता आणि तो आता मूळ वेतनात विलीन झाला. ज्याचे जुने मूळ वेतन ७,००० रुपये, त्याला भत्त्यासह १५,७५० रुपये मिळत होते. नवे किमान मूळ वेतन ठरले १८,०००. पंधरा हजार साडेसातशेवर सव्वादोन हजार, म्हणजे शेकडा १४.२९. एकशे सत्तावन्न कोठे आणि सव्वाचौदा कोठे! पाया ७,००० धरला की १५,७५० धरला, एवढाच फरक. घरभाडे भत्ता वगैरे गोष्टींचा हिशेब आणखी वेगळा.

राज्य कर्मचाऱ्यांना नवा पगार प्रत्यक्षात २०१९ च्या आरंभापासून मिळू लागला आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी हप्त्यांनी, तीही बहुतेकांच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात गेली. म्हणजे हातात रोकड आलीच नाही. थकबाकीच्या भरवशावर ज्यांनी सराफी दुकानात अथवा फर्निचरच्या शोरूममध्ये जास्तीचा माल भरला, त्यांना हे दुसरे विधान उशिरा वाचायला मिळाले.

आमच्या बँक क्षेत्राचेही तेच. ८ मार्च २०२४ रोजी बँक संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात बारावा द्विपक्षीय करार झाला. वेतनवाढ १७ टक्के, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. त्यानंतर ओळखीपाळखीचे लोक विचारू लागले, ‘पुतण्या बँकेत लिपिक आहे, त्याचे किती वाढले?’ सांगणे अशक्य होते. हे १७ टक्के बँकांच्या २०२१-२२ या वर्षाच्या एकूण वेतनखर्चावरचे होते. ती एकत्रित रक्कम मूळ वेतन, भत्ते आणि निरनिराळ्या श्रेणी यांत वाटली गेली. संपूर्ण पंगतीत किती मण लाडू वाढले, यावरून एका पानातले लाडू कळत नाहीत. पुतण्याचे उत्तर पुतण्याच्या दोन पगारपत्रकांतच होते.

आता आपल्या जिल्ह्यातील विषयाकडे येतो. टक्के आणि मजुरी यांचे याहून बोलके उदाहरण मला तरी माहीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात समझोता झाला. तोडणीचा दर शेकडा ३४ ने वाढला, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये. मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे तोडणीला बाहेर पडतात. त्यांच्या गावांतला किराणा आणि कापड बाजार पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर होणाऱ्या वसुलीवर चालतो. तेथील आपल्या दुकानदार बांधवांसाठी ‘३४ टक्के’ हा वर्तमानपत्रातला मथळा नसून उधारीच्या वहीतला प्रश्न आहे.

प्रश्न असा : एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, हंगामातली कमाई किती टक्क्यांनी वाढली? पहिले विधान : दर शेकडा ३४ ने वाढला. दुसरे विधान : गेल्या हंगामात या जोडीने ३०० टन ऊस तोडला होता. दोन्ही विधाने एकत्र घेतली तरी उत्तर येत नाही. यंदा किती टन तोडला, ते कोठेच सांगितलेले नाही. समजा पाऊस कमी झाला, ऊस कमी होता, कारखान्याने हंगाम लवकर आटोपला आणि जोडीच्या वाट्याला २२५ टन आले. मागची कमाई ३०० गुणिले २७३, म्हणजे ८१,९०० रुपये. यंदाची २२५ गुणिले ३६६, म्हणजे ८२,३५० रुपये. दर चौतीस टक्क्यांनी वाढला आणि कमाई साडेचारशे रुपयांनी. टनेज एक चतुर्थांशाने उतरले की वाढीचा बहुतेक सगळा भाग गिळला जातो. याउलट टनेज तेवढेच राहिले तर कमाई पुरती चौतीस टक्क्यांनी वाढते. दोन्ही शक्यता खुल्या असताना उधारीची मर्यादा चौतीस टक्क्यांनी वाढवणारा दुकानदार अपुऱ्या माहितीवर पूर्ण उत्तर लिहितो. शिवाय त्या कमाईतून मुकादमाकडून घेतलेली उचल वळती होते, ती वेगळीच. उचल किती होती हे विधान तर दुकानदारापर्यंत सहसा पोहोचतच नाही.

मुकादमाच्या कमिशनची गंमत निराळी. १९ चे २० झाले, ‘फक्त एक टक्का वाढला’ असे सगळे म्हणाले. जरा मोजून पाहू. २७३ वर १९ टक्के म्हणजे टनाला ५१ रुपये ८७ पैसे. ३६६ वर २० टक्के म्हणजे ७३ रुपये २० पैसे. वाढ शेकडा ४१ हून किंचित अधिक! मजुराच्या दरापेक्षा मुकादमाचा टनामागचा हिस्सा अधिक वेगाने वाढला, कारण टक्काही वाढला आणि ज्यावर तो लावायचा तो पायाही वाढला. १९ वरून २० ही वाढ ‘एका टक्क्याची’ म्हणणे ढिलाईचे आहे. ती ‘एका टक्केबिंदूची’ वाढ आहे. परीक्षेत या दोन शब्दांतल्या फरकावर गुण जातात, आणि वाटाघाटीच्या बैठकीत त्याहून पुष्कळ काही जाते.

२०२० च्या टाळेबंदीनंतरची एक गोष्ट मी दोन-तीन ठिकाणी जवळजवळ एकाच स्वरूपात ऐकली आहे. दुकाने बंद होती, मालकांनी नोकरांना कामावरून काढले नाही, पण पगार शेकडा २० ने कमी केले. व्यवहार सुरळीत झाल्यावर मालकांनी मोठ्या मनाने शेकडा २० वाढ दिली आणि ‘पगार पूर्ववत केला’ असे जाहीर केले. दहा हजारांचा पगार आठ हजार झाला होता. आठ हजारांवर वीस टक्के म्हणजे सोळाशे. हातात आले ९,६००. मालकाच्या मनात फेड झालेली होती, नोकराच्या मनात दरमहा चारशे रुपयांची सल राहिली. बारा-पंधरा वर्षे जुने विश्वासू माणूस अशा चारशे रुपयांवरून सोडून गेलेले मी ऐकले आहे. लोभ कोणाचाच नव्हता. कपात १०,००० वर केली आणि वाढ ८,००० वर दिली, पाया बदलला आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. पूर्ववत करण्यासाठी वाढ शेकडा २५ हवी होती. अशा प्रसंगी टक्के बाजूला ठेवून ‘पगार पुन्हा दहा हजार’ असे रुपयांत सांगणे सर्वांत निर्वेध.

बोनसच्या ८.३३ टक्क्यांबद्दलही दोन शब्द. १९६५ च्या बोनस कायद्यामुळे हा आकडा आपल्याकडे घरोघरी पोहोचला. तो आकाशातून पडलेला नाही; शंभर भागिले बारा केले की ८.३३ येतात. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिना. परंतु कायद्यात हिशेबासाठी धरायच्या पगाराला मर्यादा घातलेली असते, त्यामुळे ‘वर्षाचा पगार अमुक, बोनस ८.३३ टक्के’ एवढ्या दोन विधानांवर उत्तर लिहिणाऱ्याने तिसरे विधान राहिले आहे का, ते आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

परत परीक्षेकडे. काही प्रश्नांचे उत्तर आकड्यात नसून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे असते. वाढीनंतर पहिल्या कर्मचाऱ्याचा पगार दुसऱ्यापेक्षा जास्त आहे का? पहिले विधान : पहिल्याला शेकडा १० आणि दुसऱ्याला शेकडा १५ वाढ मिळाली. दुसरे विधान : वाढीपूर्वी पहिल्याचा पगार दुसऱ्यापेक्षा शेकडा ५ ने जास्त होता. दुसऱ्याचे १०० धरा. पहिल्याचे १०५, वाढीनंतर ११५.५०. दुसऱ्याचे ११५. होय, पन्नास पैशांनी का होईना, जास्त आहे. एकही खरा पगार ठाऊक नसताना निर्णय झाला. आता ५ च्या जागी ४ घ्या : १०४ वर दहा टक्के, ११४.४०. उत्तर ‘नाही’. आणि येथे हुशार मुलेही घसरतात. उत्तर ‘नाही’ आले म्हणून ती ‘माहिती अपुरी’ हा पर्याय निवडतात. निश्चित ‘नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. अपुरी म्हणायची ती ‘सांगता येत नाही’ असे झाल्यावर. ‘शेकडा ५ पेक्षा कमी जास्त होता’ एवढेच सांगितले, तर ४.९ ला ‘होय’ येते आणि ३ ला ‘नाही’. ती खरी अपुरी माहिती.

कमिशनवरच्या प्रश्नांत आणखी एक खाच असते. विक्रेत्याला ९,००० रुपये ठरावीक पगार आणि महिन्याच्या विक्रीतील एक लाखावरच्या भागावर शेकडा २. त्या महिन्यात विक्री किती झाली? समजा विधान असे की, त्याला एकूण ११,४०० रुपये मिळाले. कमिशन २,४००, म्हणजे एक लाखावर १,२०,००० ची विक्री, एकूण २,२०,०००. पुरेसे. आता विधान असे समजा की, त्याला एकूण ९,००० मिळाले. वाक्याची घडण तीच, पण आता एवढेच कळते की विक्री एक लाखाच्या वर गेली नाही. ती एक लाख असेल, चाळीस हजार असेल, शून्यही असेल. एकाच साच्याचे विधान एका आकड्याला पुरेसे आणि दुसऱ्याला अपुरे. म्हणून ‘दोन अज्ञाते, दोन समीकरणे’ असे ठोकताळे पाठ करून येथे चालत नाही.

उलटही घडते : एकच समीकरण, दोन अज्ञाते, तरीही उत्तर निश्चित. मालाच्या गाड्या उतरवायला काही हमाल दिवसाला ७०० रुपयांनी आणि काही मदतनीस ४०० रुपयांनी लावले. हमाल किती होते? विधान : त्या दिवशी एकूण मजुरी ४,१०० रुपये झाली. माणसे पूर्णांकातच मोजायची, अर्धा हमाल नसतो. तीन हमालांचे २,१०० आणि पाच मदतनीसांचे २,०००. दुसरी कोणतीही जोडी बसत नाही. हे एकच विधान पुरेसे. मजुरी ५,४०० झाली असती, तर दोन हमाल आणि दहा मदतनीस, किंवा सहा हमाल आणि तीन मदतनीस, अशी दोन उत्तरे आली असती आणि विधान अपुरे ठरले असते.

पूर्णांकांच्या या बंधनातून उत्तर काढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात कुट्टीकार या नावाने अशा अनिर्णित समीकरणांचा विचार आहे. त्याच ग्रंथाच्या मिश्रक व्यवहारात मुद्दल आणि व्याज एकत्र मिसळून दिलेल्या रकमेतून दोन्ही वेगळे काढण्याचे हिशेब आहेत. दर आणि मुदत दोन्ही दिली असतील तर ती रक्कम उलगडते. मुदत गाळली तर उलगडत नाही. द. सा. द. शे. मधले ‘साल’ तेथे एका सहस्रकापूर्वीपासून बसलेले आहे. एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ १९१२ मध्ये मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला आणि सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह. ज्या घरांत या परीक्षांची तयारी चालू आहे, त्यांनी वाचनालयातून हिंदी प्रत आणून मिश्रक व्यवहार जरूर चाळावा. मुलांना भाषा जड वाटेल, प्रश्न वाटणार नाहीत.

वेळेविषयी मुले नेहमी विचारतात. दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ एका प्रश्नाला देऊ नये. पहिले विधान वाचून निवाडा करावा, मग ते हाताने झाकून दुसरे जणू पहिल्यांदाच वाचत आहोत अशा मनाने वाचावे. पहिल्यातला आकडा दुसऱ्यात नकळत वापरला जाणे हा या प्रकारातला सर्वांत सामान्य घोटाळा आहे, आणि झाकलेला तळहात त्यावर पुरेसा उपाय आहे. उत्तर निघणार हे कळले की हिशेब तेथेच सोडून पुढे जावे. शेवटचा आकडा काढण्याचा मोह व्यापाऱ्याच्या मुलांना जरा जास्तच होतो, तो आवरावा.

घरी सोडवून पाहण्यासाठी दोन प्रश्न देतो.

एका कुटुंबप्रमुखाचा पगार किती टक्क्यांनी वाढला? पहिले विधान : घरभाडे तेवढेच राहिले, पण पगारातील त्याचा वाटा ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आला. दुसरे विधान : घरभाडे ४,८०० रुपये आहे.

एका पेढीवर चार नोकर आहेत आणि वर्षभर तेच चौघे आहेत. यंदा चौघांचाही पगार वाढला का? पहिले विधान : चौघांच्या पगाराची सरासरी शेकडा १० ने वाढली. दुसरे विधान : कोणालाही शेकडा १० पेक्षा जास्त वाढ मिळालेली नाही.

पहिल्याचे उत्तर : पहिले विधान एकटे पुरेसे. भाडे स्थिर असल्याने पगार ३० भागिले २४, म्हणजे सव्वापट झाला. वाढ शेकडा २५. भाड्याच्या रुपयांची गरज पडली नाही. दुसऱ्याचे उत्तर : दोन्ही विधाने एकत्र हवीत. केवळ सरासरीवरून काहीच कळत नाही, एकालाच सारी वाढ मिळालेली असू शकते. दुसरे विधान एकटे घेतले तर कोणाला शून्य वाढही असू शकते. पण एकूण वाढ शेकडा १० आणि कोणाचीही त्याहून जास्त नाही, तर कोणाची त्याहून कमीही असू शकत नाही, नाहीतर बेरीज तुटेल. म्हणजे चौघांनाही बरोबर दहा-दहा टक्के मिळाले. मात्र मधल्या काळात एक जण सोडून गेला असता आणि त्याच्या जागी नवा आला असता, तर हा हिशेब लागू पडला नसता. म्हणूनच प्रश्नात ‘वर्षभर तेच चौघे’ हे शब्द आहेत.